दादाची साक्ष

फोन आला तेव्हा मी एका दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर उकिडवा बसलो होतो, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, आणि रुळांवरचं जुनं ग्रीस चिंधीने पुसत होतो. फोनवर मंडळाचे चिटणीस होते. हे गृहस्थ निवृत्त भूगोल-शिक्षक. एका माणसाशी बोलायचं असलं तरी चाळीस जणांना ऐकू जाईल असं बोलतात. म्हणाले, "अभिनंदन. आपल्या थोरल्या बंधूंना आमचं पत्र मिळालं. शनिवारी येतो म्हणून उलट टपाली कळवलंय त्यांनी." मी विचारलं, "कोणत्या बंधूंना?" प्रश्न बावळटपणाचा होता, कारण मला भाऊ एकच. "अहो, आपल्या दादांना. साक्षीला. ज्याचं ओझं आपण उचललंत त्यानं येऊन चार माणसांत तसं सांगायचं, अशी रीत आहे मंडळाची. आधी नाही सांगत आम्ही कोणाला. सांगितलं की लोक साक्षीदार पढवून आणतात." आणि ते हसले. मीही हसलो. शाफ्टमध्ये हसण्याचा आवाज तळापर्यंत जातो आणि जरा उशिराने परत येतो. तो परत आला तेव्हा मी हसत नव्हतो, आणि हातातली चिंधी खाली पडली होती.

वर कोणीतरी बटण दाबत होतं. लिफ्ट बंद असल्याची पाटी लावलेली असते, पण पाटी वाचेल तो माणूस कसला. मी तसाच बसून राहिलो. बत्तीस वर्षं मी या उभ्या बोळांत काम करतोय, इथे मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती खोलीवर. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब, तिच्या संसारात. रविवारी फोन करून "जेवलात का" विचारते, मी "हो" म्हणतो, संपलं. गेल्या वर्षी तापाने चार दिवस मी खोलीत एकटा पडून होतो. चौथ्या दिवशी दार वाजलं, तेही कोणाला माझी आठवण झाली म्हणून नव्हे. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट अडकली होती आणि मी फोन उचलत नव्हतो, म्हणून तो भांडायला आला होता. माझी दशा बघून भांडण विसरला. संध्याकाळी आणखी दोघांना घेऊन आला, एक शिंपी आणि एक बस कंडक्टर. नऊ दिवस हे तिघे पाळी लावून माझ्या उशाशी बसले. शिंप्याने माझी घामेजलेली चादर स्वतः धुतली आणि वाळत घालताना तिची उसवलेली कडही शिवून टाकली. मी विचारलं, "का करता हो हे? मी तुमचा कोण?" शिंपी म्हणाला, "कोणी नाही. पण आमच्यात असंच असतं." आमच्यात. हा शब्द मी पुढे कित्येक दिवस तोंडात घोळवत राहिलो. आपल्यालाही कोणी "आमच्यातला" म्हणावं, चोपन्नाव्या वर्षी माणसाला याहून मोठी हाव उरत नाही. आणि हावेपायी माणूस काय करतो ते आता सांगतो.

या तिघांच्या मंडळाची जागा नळ-तोट्यांच्या दुकानावर आहे, दुसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, भिंतीला लागून खुर्च्या, समोर एक फळा, आणि फळ्यावर रंगाने कायमची लिहिलेली चार वाक्यं. खरं बोलावं. हाकेसरशी धावावं. ऐकलेलं पोटात ठेवावं. भावाचं ओझं आपलं मानावं. आत येऊ पाहणाऱ्या माणसाला फळ्याकडे पाठ करून बिनपाठीच्या स्टुलावर बसवतात, म्हणजे वाक्यं सगळ्यांना दिसतात, त्याला सोडून. अकरा माणसं होती. थोरले मधोमध, मंडळाच्या प्रमुखाला थोरले म्हणतात. हे थोरले ऐंशीचे, एकेकाळी बंदरात क्रेन चालवायचे, मान अजून वर बघायच्या सवयीने मागे कललेली. बाकीचे प्रश्न सोपे होते. व्यसन काय, वैर कोणाशी, भल्या पहाटे हाक आली तर याल का. मग थोरले म्हणाले, "दुसऱ्याचं ओझं तुम्ही स्वतःवर घेतलं, असा एक प्रसंग सांगा. मोठा नसला तरी चालेल. तुमचा पाहिजे." मी घरून एक प्रसंग घेऊन गेलो होतो. अनोळखी बाईला रक्त दिल्याचा. आरशासमोर म्हणून पाहिला होता. पण त्या अकरा माणसांच्या नजरेत तो प्रसंग मला एवढासा दिसायला लागला. रक्त दिल्यावर मिळालेली बिस्किटंही आठवली. आणि तोंडातून निघालं ते दुसरंच. "माझा दादा आणि मी एकाच कंपनीत लिफ्टचे मेकॅनिक होतो," मी म्हणालो. "त्याच्या हातून एक चूक झाली. ती मी माझ्यावर घेतली."

खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. हे कोणी मानणार नाही, मीही रोज मानत नाही. खरं म्हणजे ओझं उचलल्याची एकच मोठी गोष्ट मला माहीत होती, आणि ती मला इतकी पाठ होती, तिचा तास न् तास, तिच्यातल्या माणसांचे चेहरे, की तोंड उघडल्यावर तीच बाहेर पडली. फक्त "मी" च्या जागी "दादा" आणि "दादा" च्या जागी "मी" आलं. बाकी काना-मात्रेचा फरक नाही. दुरुस्ती करताना लिफ्टच्या दाराची सुरक्षेची कळ आम्ही तारेच्या तुकड्याने जोडून ठेवतो, म्हणजे दार नीट लागलेलं नसतानाही लिफ्ट चालते आणि तपासता येते. त्या तुकड्याला जंपर म्हणतात. काम संपलं की जंपर काढायचा. या धंद्यातला पहिला धडा हाच. हे मी त्यांना समजावून सांगितलं. दादा त्या संध्याकाळी घाईत होता असं सांगितलं. जंपर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल वाटणाऱ्या एका कारकुनाने चौथ्या मजल्यावर दार ओढलं, ते उघडलं, हातात गठ्ठा असल्यामुळे त्याने खाली बघितलं नाही, आणि लिफ्ट तिथे नव्हती. दोन मजले खाली, टपावर पडला. जिवंत राहिला, पण पुन्हा कधी उभा राहिला नाही. "चौकशीत साहेबांनी विचारलं, जंपर कोणाचा," मी म्हणालो, "आणि दादा काही बोलायच्या आत मी म्हणालो, माझा." एवढं बोलून मी रडायला लागलो. खरे अश्रू होते. स्टुलावर बसून मी पहिल्यांदा त्या एका शब्दाच्या बाजूने आत शिरलो होतो, त्या क्षणी छातीत काय झालं असेल ते पहिल्यांदा मला कळत होतं, आणि ते कळायला मला सव्वीस वर्षं आणि एक चोरी लागली. चष्मेवाल्याने चष्मा काढला. थोरले म्हणाले, "पुढे?" मी म्हणालो, "लायसन्स गेलं काही वर्षं. मग दुसरीकडे लागलो. त्या कारकुनाकडे मात्र जात राहिलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. तो असेपर्यंत." हेही मी उचललं. हातासरशी.

दादाचं लायसन्स काही वर्षं नाही, कायमचं गेलं. आणि त्या संध्याकाळी घाई मला होती, कारण सहाच्या खेळाची दोन तिकिटं माझ्या खिशात होती आणि बायको थिएटरच्या दारात उभी राहणार होती. लग्नाला चार महिने झाले होते. दादा दुपारी तीनलाच दुसऱ्या कामावर गेला होता. जाताना कामाच्या कागदावर सही करून गेला, कारण वरिष्ठ तो, आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता. म्हणाला होता, "छोट्या, सगळं नीट बघून बंद कर." त्या सिनेमातलं मला काही आठवत नाही. इतकं आठवतं की मध्यंतरात मला काहीतरी विसरल्यासारखं वाटलं आणि मी खिसे चाचपले, किल्ल्या होत्या, म्हणून निश्चिंत झालो. चौकशीच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी उभे होतो. साहेबांनी विचारलं, आणि मी तोंड उघडलं. हे मात्र खरं आहे, मी तोंड उघडलं होतं. इतकी वर्षं त्या उघड्या तोंडावर मी जगलो. मी सांगणारच होतो, दादानेच घाई केली, असं मी बायकोला सांगितलं, स्वतःला सांगितलं. पण कधी कधी, दाढी करताना वगैरे, मनात येतं की ते तोंड मी श्वास घ्यायला उघडलं असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. फरक एवढाच की संन्यासी स्वतःहून चढला आणि चोराकडे बघून हलकेच मान हलवली, की गप्प राहा. तुझं नुकतंच लग्न झालंय. मला जमेल.

मग त्याला जमलं, हेच वाईट. नसतं जमलं, चिडला असता, दारू प्यायला असता, माझ्या दारात येऊन शिव्या दिल्या असत्या, तर मला कसं वागायचं ते कळलं असतं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि एका जिन्याखालच्या बोळकांडीत पंखे, इस्त्र्या, शेगड्या दुरुस्त करायला बसला. मी सुरुवातीला दर आठवड्याला जायचो. तो हातातलं काम बाजूला ठेवून कुठे कोणती लिफ्ट बसवली, मोटर कोणती, दोर किती, असं विचारायचा आणि माझ्या तोंडून ऐकताना त्याचे हात मांडीवर हलायचे, पाना फिरवल्यासारखे. ते हात मला बघवेनात. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचं वर्ष झालं. बायको म्हणायची, "जाऊन या एकदा. तो काही म्हणत नाही तर तुम्ही का पळता?" काही म्हणत नाही म्हणूनच, हे तिला सांगता येईना. ती गेली तेव्हा दादा आला होता, मागे उभा होता, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या बसने परत गेला. त्यानंतर मी त्याला भेटलो नाही. मंडळाच्या अर्जात जवळच्या नातेवाइकाचा पत्ता मागितला होता आणि लिहायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून माझ्याच हाताने, वळणदार अक्षरात, मी त्याचा पत्ता लिहिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

फोन आला तो सोमवार होता. मंगळवारी दिवसभर मी ठरवत होतो की चिटणिसांना फोन करून सांगावं, मला मंडळात यायचं नाही, प्रकृती बरी नाही, परगावी चाललोय. सोपं होतं. दोन वेळा आकडे फिरवले. मग संध्याकाळी चष्मेवाल्याच्या दुकानावरून जाताना आतून हाक आली, "या की, शनिवारची तयारी झाली का?" आणि काउंटरच्या आत, जिथे गिऱ्हाइकांना जागा नाही तिथे, त्याने मला स्टूल दिलं. शिंपीही तिथे बसला होता. त्याने न विचारता माझ्या कॉलरचं सुटलेलं बटण बघितलं, खिशातून सुई काढली आणि अंगावरच लावून दिलं. "मान हलवू नका," म्हणाला, "टोचेल." त्याचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. बायको गेल्यापासून माझ्या इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की त्याने आणखी दोन बटणं लावावीत. मी फोन केला नाही. बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दादाकडे गेलो. त्याला येऊ नकोस म्हणून सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. कारण काय सांगायचं ते बसमध्ये सुचेल असं वाटलं होतं. सुचलं नाही.

दार वहिनीने उघडलं. तिचे केस पार पांढरे झाले होते आणि मला ते माहीत नव्हतं. "या भावजी," ती म्हणाली, जसा मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. दादा आतल्या खोलीत जमिनीवर घोंगडी पसरून पँटला इस्त्री करत होता. मला बघून तो उठला नाही, इस्त्री उचलून धरली आणि म्हणाला, "थांब, चुणी पडेल." मी भिंतीला टेकून उभा राहिलो. फडताळावर घड्याळाला टेकवून मंडळाचं पत्र ठेवलं होतं. लग्नपत्रिका ठेवतात तसं. मी ते हातात घेतलं. टाइप केलेलं होतं. 'आपल्या धाकट्या बंधूंनी आपल्या हातून घडलेली चूक स्वतःवर घेऊन आपलं आयुष्य सावरलं, हे त्यांच्या तोंडून ऐकताना आम्हा सर्वांची मनं भरून आली. आपण साक्षीस यावं ही विनंती.' खाली चिटणिसांची सही. मी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. कागद ठेवायला हात वर जाईना. मला वाटत होतं की दादाला फक्त बोलावणं गेलं असेल. काय सांगायचं ते त्याला माहीत नसेल. त्याला चार दिवसांपासून सगळं माहीत होतं. आणि तो इस्त्री करत होता.

"चहा ठेवते," वहिनी म्हणाली, पण गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण त्याला ऐकू जात होतंच, म्हणाली, "भावजी, घर गेलं, धंदा गेला, मी कधी चकार शब्द काढला नाही. माणसाचं चांगलं तेवढं राहिलं होतं त्याच्यापाशी. तेही न्यायचं होतं का?" मी म्हणालो, "वहिनी, माझ्या तोंडून निघून गेलं." ती म्हणाली, "तोंडून जायचं ते तेव्हा गेलं नाही." ती आत गेली. तिने चहा केला, चांगला केला, माझ्या कपात साखर कमी घातली. मला साखर कमी लागते हे ती विसरली नव्हती.

दादा मला बसथांब्यावर सोडायला आला. चालताना तो उजव्या पायावर जरा वाकत होता. वाटेभर मी वाक्यं जुळवत होतो आणि तो मला नवीन लिफ्टबद्दल विचारत होता, त्यांना मशीन रूम नसते हे खरं का, मग मोटर कुठे बसवतात. मी सांगितलं. तो म्हणाला, "बघायला पाहिजे एकदा." शेवटी बस लांबून दिसायला लागली तेव्हा मी म्हणालो, "दादा, शनिवारी येऊ नकोस."

"का?"

"का म्हणजे काय. वाचलंस ना तू."

"वाचलं." तो बसचा नंबर बघत होता. "मी आलो नाही तर तुला घेतील का ते?"

"नाही."

"आणि तुला हवंय ना ते?"

मी नाही म्हणायला हवं होतं. सगळं तिथेच संपलं असतं, एका शब्दात, रस्त्यावर, कोणाला न कळता. पण माझ्या डोळ्यांसमोर शिंप्याची सुई आली, उशाशी बसलेली माणसं आली, आणि खोलीचं दार, चार दिवस न वाजलेलं. "हवंय," मी म्हणालो. माझा आवाज लहान मुलासारखा आला.

"मग झालं," दादा म्हणाला. "चढ आता. पुढच्या दाराने चढ, मागे गर्दी आहे."

त्या बसमध्ये मी उभा होतो आणि मला दादाचा राग आला. हे सांगायलाच हवं. असा राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही. काय हक्क होता त्याला इतकं चांगलं वागायचा? एकदा तरी त्याने माझी कॉलर धरायची होती. माझ्या चुकीचा दगड त्याने उचलला तो उचललाच, पण माझ्या खांद्याला कधी त्याचा भार लागू दिला नाही, आणि भार न लागलेला खांदा कसा होतो ते कोणाला कळणार. मला अठ्ठावीस वर्षांचाच ठेवलं त्याने, तोंड उघडून उभा. राग उतरला तेव्हा माझा थांबा मागे गेला होता. दोन थांबे उलटं चालत आलो. चालता चालता मी स्वतःला शब्द दिला की शनिवारी उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. घेतील न घेतील. हा शब्द गुरुवारी टिकला, शुक्रवारी डळमळला, शनिवारी सकाळी मी नवा शर्ट घातला तेव्हा तो होता की नव्हता ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी चार वाजता खोलीत सगळे जमले. खिडकीतून ऊन येत होतं. दादाला माझ्या शेजारी खुर्ची दिली होती, पाठीची, मी स्टुलावर. त्याच्या पँटची इस्त्री धारदार होती. खालच्या दुकानात कोणीतरी नळ ठोकून बघत होतं. थोरले उठले, दादाला नमस्कार केला आणि विचारलं, "तुमच्या धाकट्या भावानं आम्हाला जे सांगितलं ते तुम्हाला कळवलंय. ते खरं आहे का?" दादा म्हणाला, "खरं आहे." थांबला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. "जंपर कोणाचा होता?" "माझा." "आणि अंगावर कोणी घेतलं?" "यानं." सव्वीस वर्षांपूर्वी तो ज्या आवाजात बोलला होता तोच आवाज, नळाचा आटा बसतो तसा सहज बसणारा. मला वाटत होतं की हे आता संपेल, आणि संपलं की मी आत असेन. मग चिटणिसांनी त्यांची वही उघडली. "आणि तो कारकून," ते म्हणाले, "त्याच्याकडे हे दर महिन्याला जात. पहिल्या रविवारी. बरोबर ना?"

हे पत्रात नव्हतं. मी हेही उचललंय, ते दादाला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षं दादा त्या माणसाकडे जात होता. मला बायकोकडून कळायचं. सुरुवातीला तो माणूस दार उघडायचा नाही, दादा पायरीवर बसून परत यायचा. मग कधीतरी दार उघडलं. मग ते दोघे पत्ते खेळायला लागले, आणि मग असं झालं की दादाला जगात एकच दोस्त होता आणि तो चाकाच्या खुर्चीत बसलेला होता. तो गेला तेव्हा त्याच्या बहिणीने पत्त्यांचा जोड दादाला दिला. दादाने तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्याची नजर खाली गेली, स्वतःच्या तळहातांवर, आणि खोलीतल्या अकरा माणसांना वाटलं असेल की म्हातारा आठवतोय. तो आठवत नव्हता. तो देत होता. एवढं द्यायला त्याला वेळ लागत होता. मग तो म्हणाला, "हो. जायचा. न चुकता."

मी उठलो. स्टूल मागे पडलं. "खोटं आहे," मी म्हणालो. "खोटं बोलतोय तो. जंपर माझा होता. मी विसरलो. सिनेमाला जायचं होतं मला. त्यानं माझ्यासाठी घेतलं अंगावर, आणि त्या माणसाकडे मी एकदाही गेलेलो नाही. एकदाही नाही. सगळं त्याचं आहे." माझा आवाज फाटत होता. सांगून झालं होतं. सव्वीस वर्षांनी, चार माणसांत, मोठ्याने. छाती मोकळी झाली. मी वाट बघत होतो, कोणी ओरडेल, दार दाखवेल, शिंपी मान फिरवेल. मला चाललं असतं. दार दाखवलं असतं तर मी दादाचा हात धरून गेलो असतो.

चष्मेवाला डोळे पुसत होता. कंडक्टर हात जोडून बसला होता. थोरले हळूहळू माझ्याकडे आले, मान तशीच मागे कललेली, आणि माझे दोन्ही खांदे धरले. "बस, भाऊ," ते म्हणाले. "कळलं आम्हाला." पहिल्यांदाच "तुम्ही" गेलं होतं.

"नाही कळलं तुम्हाला," मी म्हणालो. "मी खरं सांगतोय."

"भावाला चार माणसांत खाली बघावं लागलं, ते तुला सोसलं नाही. पुन्हा तूच पुढे झालास." थोरले बाकीच्यांकडे वळले. "साठ वर्षं या खोलीत साक्षी ऐकतोय. असं कोणी डोळ्यांदेखत करून दाखवलं नव्हतं."

मी दादाकडे वळलो. "दादा, सांग ना यांना. सांग."

दादाने माझ्याकडे बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत थकवा होता आणि थोडं हसू होतं, आणि मला दिसलं की माझं म्हणणं त्याला पोचलंय, त्याला बरंही वाटलंय, आणि तरी तो मला सोडवणार नाही, कारण सोडवणं म्हणजे काय याबद्दल आमचं कधी एकमत नव्हतं. "असाच आहे हा," तो त्यांना म्हणाला. "लहानपणापासून. माझ्यावर बोट आलेलं खपत नाही त्याला."

मग पुढचं फार लवकर झालं. मत घ्यायची गरज नाही, असं थोरले म्हणाले. चिटणिसांनी दादाचे आभार मानले आणि यापुढचं फक्त भावांसाठी असतं, तेव्हा क्षमा असावी, असं अदबीने सांगितलं. शिंपी त्याला दारापर्यंत सोडायला गेला. दादा उजव्या पायावर वाकत गेला, मागे वळला नाही. दार लागलं. मी मनात शोधत होतो, अजून कोण आहे जो सांगेल. कंपनी बुडाली, तिचे कागद रद्दीत गेले. साहेब वारले. कारकून गेला. बायको गेली. माझं खरं आता दोनच माणसांना माहीत होतं, एक जिना उतरत होता आणि एक शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याची वाट बघत होती. मला धावत जायचं होतं. पण कोणीतरी माझं स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि भिंतीजवळ, शिंपी आणि कंडक्टरच्या मधे, पाठीची खुर्ची मांडली. मग ते एकेक करून पुढे आले, प्रत्येकाने मला मिठी मारली आणि प्रत्येक जण कानाशी "भाऊ" म्हणाला. पहिल्या दोघांना मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, त्यांनी मला आणखी घट्ट धरलं. तिसऱ्याला मी काही बोललो नाही. सातव्या माणसाने मिठी मारली तेव्हा मला बरं वाटायला लागलं होतं.